कमानीशिवाय बोडकी कोणालाही नाही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सदुसष्ट, धंदा उघड्या मोटारींचे कापडी टप शिवण्याचा, राहणार वडिलांच्या गॅरेजवरच्या खोलीत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. कमरेखालचं शरीर माझं ऐकत नाही, पण डोकं ऐकतं आणि हातही ऐकतात, म्हणून अक्षर माझंच आहे. "कोणाच्याही दडपणाखाली" हे शब्द शेजारी बसलेल्या वकीलबाईंनी सांगितले. मी त्यांना विचारलं, खालून पाना फिरवल्याचा आवाज येतोय, ते दडपण धरायचं की नाही? त्या म्हणाल्या, कायद्यात ते बसत नाही. म्हणून वाक्य तसंच ठेवलं आहे.

माझं लग्न झालेलं नाही, मूल नाही. माणसं म्हणाल तर तीन. धाकटा भाऊ, जो खाली गॅरेज चालवतो. त्याची बायको, म्हणजे माझी भावजय. आणि त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची, जिला नुकता गाडी चालवायचा परवाना मिळाला आहे आणि जी त्या दिवसापासून जमिनीवरून चालत नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांना माझ्या घरच्यांशी भांडायची सवय नाही, ती त्यांनी लावून घ्यावी.

एक. ही खोली आणि खालचं गॅरेज वडिलांनी आम्हा दोघा भावंडांच्या नावे केलं होतं. माझा अर्धा हिस्सा मी धाकट्याला देते. खाली तेलकट असतं, वर उजेड चांगला, म्हणून मला तात्पुरतं वर आणलं होतं. तात्पुरतं या शब्दावर माझा तेव्हापासून विश्वास नाही. जिना इतका अरुंद आहे की चाकाची खुर्ची त्यात वळत नाही. मला खाली जायचं तर धाकट्याने मला पाठीवर घ्यायचं, आणि त्याला वेळ असेल तेव्हाच. त्याने कधी नाही म्हटलेलं नाही, हे लिहायला हवं. पण आमचं भांडण झालं की त्याचा गुडघा दुखतो. जगात कोणाशी मनसोक्त भांडायचं असेल तर त्याच्या पाठीवरून उतरून मग भांडावं, आणि मला उतरता येत नाही. या खोलीबद्दल माझी एकच अट आहे. जिना उतरता न येणाऱ्या माणसाला पुन्हा कधीही इथे ठेवू नये, चार दिवसांसाठीसुद्धा.

दोन. हाताने फिरवायचं शिलाई यंत्र, मेणाचा दोरा, आऱ्या, बटणं ठोकायचा साचा आणि उरलेलं ताडपत्रीचं कापड कोपऱ्यावरच्या बॅगवालीला. माझी मोठी कात्री तिच्याकडे आहेच. "उद्या आणते हं ताई" म्हणून नेली ती नेलीच. ती कात्रीही तिलाच, म्हणजे रस्त्यात माझ्या खिडकीखालून जाताना तिला मान फिरवावी लागणार नाही.

तीन. बँकेत जे असेल ते भावजयीला. तिने इतकी वर्षं माझं सगळं केलं, तोंड वाकडं करून केलं, पण केलं. गोड बोलून न करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. तिचं "वन्सं, आता काय हवंय?" हे वाक्य मला मेल्यावरही ऐकू येईल.

चार. आता गाडी.

गाडी दोन माणसांची, उघडी, बुटकी, तिच्या काळी शर्यतीत पळणारी. वडिलांनी ती भंगारातून आणून वर्षानुवर्षं खपून उभी केली. डोक्यावर छप्पर नाही म्हणून तिला बोडकी म्हणायला लागले. आई चिडली. म्हणाली, "असलं अभद्र नाव पोरांच्या तोंडी नको." वडील म्हणाले, "मग काय म्हणू, पदरवाली?" नाव चिकटलं ते चिकटलं. पुढे मी टप शिवायला शिकले ते बोडकीचंच डोकं झाकायला.

धाकटा कॉलेजात होता तेव्हाची गोष्ट. नवीन टप वाऱ्याने फडफडतो का, हे बघायला आम्ही दोघं निघालो. तो चालवत होता, मी शेजारी. टेकडीच्या उतारावर उजवीकडे वळताना बाहेरचं चाक रस्त्याच्या कडेच्या भुसभुशीत मातीत गेलं आणि गाडी कलली. वेग फार नव्हता. कोणी सायकलवाला शेजारून पुढे गेला असता. झोपेत कूस बदलावी तशी बोडकी सावकाश उलटली. समोरच्या काचेची चौकट घडी घालावी तशी मिटली. टप वर चढवलेला होता, मी शिवलेला, चांगला दुहेरी शिलाईचा, आणि तो काही कामाचा नव्हता. टप असला की डोक्यावर काहीतरी आहे असं वाटतं. पण पावसासाठी शिवलेलं कापड ते, गाडी त्याच्यावर कशी तोलणार? मी सगळ्या गिऱ्हाइकांना हे सांगत आले आणि सगळे मान डोलवून जात आले.

धाकटा बाहेर फेकला गेला आणि कोपर खरचटून उठला. मी आत राहिले. हनुवटी छातीत रुतलेली, एक हात बाहेर, पाठीवर गाडी. पेट्रोल कुठेतरी टपटपत होतं. मला धाकट्याचा फक्त एक बूट दिसत होता आणि तो सारखा म्हणत होता, "ताई, बोल काहीतरी, ताई, बोल." मला बोलायला दुसरं काही सुचेना, म्हणून मी त्याला टपाची मापं सांगत होते. त्याने एकट्याने गाडी उचलायचा प्रयत्न केला. मग तो बूट दिसेनासा झाला. लाकडाच्या वखारीतली माणसं घेऊन तो परत येईपर्यंत मी मापं बोलतच होते, कोणी ऐकत नसताना. जाग आली की आजही कधी कधी मी त्याच जागी असते, आणि ही खोली आहे हे समजायला मला जरा वेळ लागतो.

त्याच्या हातून गाडी उलटली याचा माझ्या मनात राग नाही. तशा कडेला कोणाचंही चाक खचेल. माझा राग वेगळा आहे, तो पुढे येतोच.

मी दवाखान्यातून आल्यावर वडिलांनी गाडीला कमान केली. बसायच्या जागांच्या मागे नळी वाकवून उभी करायची, म्हणजे गाडी उलटली तर ती नळीवर तोलली जावी, माणसाच्या मानेवर नाही. पहिली कमान त्यांनी देखणी केली, चकचकीत आणि ठेंगणी. मी म्हटलं, झाडू आणा. झाडूचा दांडा कमानीच्या माथ्यावरून समोरच्या काचेच्या नव्या चौकटीवर टेकवला आणि धाकट्याला आत बसवलं. दांडा त्याच्या डोक्यावर टेकला, म्हणजे गाडी उलटली तर जमिनीला आधी डोकंच लागणार. मी म्हणाले, "ही कमान नाही बाबा, टॉवेल वाळत घालायची दांडी आहे." वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुसरी कमान करायला घेतली. ती उंच आहे, जाड नळीची आहे, पातळ पत्र्यावर न बसता खाली गाडीच्या सांगाड्यावर, चॅसीवर बसते आणि मागे तिला दोन तिरके टेके आहेत. डोकं आपटेल तिथे मी रबर घालून कातडं शिवलं. दिसायला नाकापेक्षा मोती जड. धाकटा म्हणाला, बोडकीच्या पाठीवर झोपाळा ठेवलाय.

पट्टेही वडिलांनी तेव्हाच बसवले. हे भाचीने नीट वाचावं. पट्टा आहे आणि कमान नाही, तर पट्टा तुम्हाला ताठ बसवून ठेवतो आणि गाडी वरून येते. कमान आहे आणि पट्टा नाही, तर कमान रिकाम्या जागेची राखण करते. दोन्ही लागतात. नवरा-बायकोसारखं आहे, एकाने भागत नाही आणि दोघांचीही कटकट असते.

जाताना वडिलांनी गाडी माझ्या नावे केली. म्हणाले, "तुझे पाय गेले, चाकं तरी तुझी असू देत." कागद माझ्या उशाखाली आहेत. किल्ली धाकट्याच्या खिशात आहे.

पाच. जुन्या मोटारींच्या संघटनेचे चिटणीस यांना मी काचेची ती मिटलेली चौकट देते. ती माझ्या पलंगाखाली आहे.

संघटना दरवर्षी जुन्या गाड्यांची फेरी काढते आणि अस्सल रूपासाठी कप देते. गाडी कारखान्यातून निघाली तशीच्या तशी हवी. कमान असली की गुण कापतात. हे चिटणीस एकदा धापा टाकत माझ्या खोलीत आले होते. मला समजावत म्हणाले, "ताई, ही गाडी जन्मली तेव्हा तिला कमान नव्हती हो." मी म्हणाले, "तुम्ही जन्मलात तेव्हा तुम्हालाही चष्मा नव्हता." ते मोठ्याने हसले, चहा प्यायले आणि गुण कापले. त्यांनी ही चौकट संघटनेच्या भिंतीवर टांगावी. पूर्ण अस्सल आहे, एकही भाग बदललेला नाही.

सहा. गाडी मी धाकट्याला देते, पण एका अटीवर. आज कमान नटबोल्टवर आहे, ती चॅसीला वेल्ड करून टाकायची. वेल्ड झाल्याशिवाय कागद त्याच्या नावे करू नयेत. वकीलबाईंनी स्वतः झाडूचा दांडा टेकवून बघावा. त्याने अट पाळली नाही, किंवा काही कारणाने त्याला गाडी मिळू शकली नाही, तर ती त्याच अटीवर भाचीला. कमानीशिवाय बोडकी कोणालाही नाही.

अट घालायचं कारण हे. फेरी आली की धाकटा कमान काढतो. पूर्वी फेरी झाली की परत बसवायचा. गेल्या वर्षी काढलेली कमान पावसाळा संपेपर्यंत पिंपामागे उभी होती. बसवलेली असली की गाडी सुरू होताना मागचा टेका किणकिणतो, ते किणकिणणं मला इतके महिने ऐकू आलं नाही. मी वरून ओरडले, भावजयीकडून निरोप धाडले, शेवटी एकदा बसवली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आणि या रविवारी पुन्हा फेरी आहे, खालचा पाना त्यासाठीच फिरतोय. या वेळी चालवणार भाची. धाकटा शेजारी बसणार. रस्ता तोच, टेकडीवरून, त्याच उतारावरून.

मी भाचीला वर बोलावलं होतं. ती म्हणाली, "आत्या, मी अगदी हळू चालवीन गं."

"हळूच उलटली होती," मी म्हणाले.

तिने माझ्या गालाचा पापा घेतला आणि गेली. ती हुशार आहे, प्रेमळ आहे, आणि तिच्या वयात मान मोडू शकते हे कोणालाच खरं वाटत नाही. माझ्यानंतर या घरात कोणी पुन्हा असं आडवं पडायला नको, आणि ती तर नकोच नको. एवढ्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं आहे.

इथवर आले तेव्हा वकीलबाईंनी चष्मा काढला आणि हळू आवाजात सांगितलं, "ताई, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं. रविवारी त्याचा काही उपयोग नाही."

"म्हणजे शनिवारपर्यंत मेले तरच?"

"तसा सल्ला मी देणार नाही," त्या म्हणाल्या.

मग आम्ही दोघींनी बाकीच्या वाटा तपासल्या. जुन्या गाड्यांना नियमातून सूट आहे, म्हणजे तक्रार कुठेच करता येत नाही. गाडी विकून टाकावी तर रविवारच्या आत घेणार कोण? आणि विकली तरी सोमवारी मला खाली न्यायला तोच येणार, गुपचूप, गुडघा दुखत असतानाही. ते मला सोसणार नाही. उशाखाली कागद आहेत, हातात लेखणी आहे, आणि मला माझ्याच घराच्या जिन्यावरून उतरून एक माणूस थांबवता येत नाही. गाडीखाली होते तेव्हा निदान कोणीतरी येऊन ती उचलणार होतं. मला फार असहाय वाटलं आणि मी रडले. वकीलबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या, त्याबद्दल त्यांचे आभार.

नंतर मी कापड मापायचा गज घेतला आणि जमिनीवर आपटला. धाकटा हात पुसत वर आला. यापुढचं मृत्युपत्रात लिहायचं नसतं असं वकीलबाई म्हणतात. कागद माझा आहे.

त्याने माझ्या खांद्यावरून सहावं कलम वाचलं. "वेल्ड? मग ती परत निघायची नाही, ताई."

"म्हणूनच लिहिलंय."

"आणि तू गेल्यावर बघायला कोण येतंय?" हे तो हसत म्हणाला. वकीलबाईंकडे लक्ष गेलं तसं त्याचं हसू ओसरलं.

"एका कपासाठी पोरीला त्या उतारावरून तशीच नेणार?"

"कप गेला खड्ड्यात," तो म्हणाला. "कपाटभर पडलेत. बायको त्यांत कपड्यांचे चिमटे ठेवते."

"मग काढतोस कशाला?"

तो उंबऱ्यावर बसला. नखातलं ग्रीस काढू लागला. मग खाली बघूनच बोलला. "आरशात दिसते गं ती. मागचं बघायला आरशात बघावं, तर आधी कमान. आणि कमान दिसली की तू दिसतेस. गाडीखाली. तुझा तेवढा हात बाहेर होता. मी तुला सोडून पळालो ना वखारीकडे, तेव्हा तुझा आवाज येत होता मागून, मापं म्हणत होतीस. कमान काढली की आरशात नुसता रस्ता असतो. वर्षातून एक दिवस तरी मला नुसता रस्ता हवा असतो."

मी इतकी वर्षं त्याला कपांचा हावरा समजत होते. माझ्या भावाने हे मला कधी सांगितलं नव्हतं आणि मीही त्याला त्या दिवसाबद्दल कधी विचारलं नव्हतं. एका जिन्याच्या दोन टोकांना आम्ही दोघं राहिलो. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण तो उंबऱ्यावर होता आणि मी पलंगावर.

मी म्हणाले, "मग रविवारी तू बसूच नकोस. तुझ्या जागी मी बसते."

"तू? बोडकीत?"

"गाडी माझी आहे. दोन जागा आहेत. एक भाचीची, एक माझी."

"अगं, तुला ताठ बसता येतं का? पहिल्या वळणाला कलंडशील."

"खांद्यावरून पट्टा घेतला की नाही कलंडणार."

"आणि पट्टा अडकवणार कशा..." खांद्याच्या पट्ट्याची कडी कमानीवर आहे. गाडीत दुसरीकडे कुठेही नाही.

"ताई, तू पक्की बिलंदर आहेस," तो म्हणाला.

मला भीती वाटते, हेही इथे लिहून ठेवते. त्या दिवसानंतर मी त्या गाडीत बसलेले नाही. नुसतं मनात आणलं तरी हनुवटी छातीशी जाते. तो उतार मला पुन्हा बघायचा नाही. पण शेजारी मी असले तर भाची कमानीखाली असेल, आणि दुसरी कुठलीही वाट मला उरलेली नाही. म्हणून रविवारी मी जाणार.

सात. साक्षीदारांबद्दल थोडं लिहावं लागत आहे. शेजारी चष्म्यांचं दुकान असलेले चष्मेवाले दुपारपासून स्टुलावर बसून आहेत, मधून मधून डुलकी काढून. दुसरी साक्षीदार म्हणून बॅगवालीला बोलावलं होतं. ती आली, पेन हातात घेतलं, तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, "थांबा, तुम्हाला यंत्र मिळतंय ना? ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते. दिली तर त्याचा वाटा जातो." बॅगवालीने पेन असं खाली ठेवलं की जणू चटका बसला. कात्रीबद्दल एक अक्षर न बोलता ती निघून गेली.

पेन धाकट्याने उचललं. "म्हणजे मी सही केली तर बोडकी मला कधीच मिळणार नाही?"

"नाही," वकीलबाई म्हणाल्या. "आणि ताईंचा घराचा हिस्साही नाही. पहिल्या कलमात पुढचं नाव घालावं लागेल. गाडी सहाव्या कलमाप्रमाणे मुलीला, वेल्ड करून."

"घराचंही तिचंच नाव घाला. ती काय मला बाहेर काढणार आहे?"

"बाहेर नाही, पण कायद्याने आपला अर्धा वाटून मागू शकते."

"मग तिच्याशी नीट वागावं लागेल," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "ताई, मला मी ठाऊक आहे. आज तुझ्यासमोर हो म्हणीन. तू गेलीस की महिना दोन महिने दम काढीन आणि एके दिवशी वेल्डच कापून टाकीन. माझ्या हातात देऊच नकोस ती." आणि वकीलबाईंना विचारलं, "एकदा सही केली की मला यातून सुटायला काही वाट राहत नाही ना?"

"नाही राहत."

"मग दाखवा, कुठे करायची."

पहिल्या कलमात धाकट्याच्या नावानंतर "त्याला न मिळाल्यास भाचीला" हे शब्द मी समासात घातले आहेत. त्याखेरीज खाडाखोड नाही. सर्व पानं मी स्वतः वाचली, सर्वांसमोर सही केली, आणि माझ्यासमोर दोघांनी केली.

ठिकाण: गॅरेजवरची खोली, खिडकीजवळ.
दिनांक: फेरीआधीचा गुरुवार, दिवेलागणीच्या आधी.

मृत्युपत्र करणारी: टप शिवणारी, सही स्वतःच्या हातची.

साक्षीदार पहिले: शेजारचे चष्मेवाले. जागे असताना सही केली.

साक्षीदार दुसरा: मृत्युपत्र करणारीचा धाकटा भाऊ, धंदा मोटार दुरुस्ती. सहीखाली त्याने आपल्या अक्षरात लिहिलं आहे: "वाचलं. मला यातलं काही मिळणार नाही, आणि मला तसंच हवं आहे."